जे लागू नसेल ते खोडावे

'शालन शेजवळ ही बाई चांगली आहे' एवढं एक वाक्य कागदावर लिहून खाली सही घ्यायची होती. तेवढ्यासाठी मे महिन्याच्या उन्हात आम्ही दोघी अकरा दिवस अंबरनाथ पालथं घालत होतो. साल एक्याण्णव. तोंडाने सगळे म्हणायचे, "बाई कष्टाळू आहे हो." पण पेनाचं टोपण काढायची वेळ आली की कुणाला चष्मा सापडायचा नाही, कुणाला पूजेला बसायचं असायचं, तर कुणी मुलगा आल्याशिवाय सहीच करत नसे. चोराला जामीन मिळायला इतका वेळ लागत नाही. वस्तीतल्या लोकांच्या केसेसपायी कोर्टाच्या पायऱ्यांवर माझी अर्धी जिंदगी गेली, म्हणून सांगते.

शालन आमच्या वस्तीतली. आनंदनगरच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता आहे ना, त्याच्या कडेची पत्र्याची घरं, त्यातलं तिचं शेवटून तिसरं. माहेर बदलापूरचं. बाप धोंडिबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. सतराव्या वर्षी त्याने तिला चंदर शेजवळच्या गळ्यात बांधलं. चंदर एका कंपनीत मशीनवर होता, कायम नोकरी, इस्त्रीचे कपडे. सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. पंच्याऐंशी साली चंदर ट्रंक घेऊन उल्हासनगर कॅम्प चारला मंदा नावाच्या बाईकडे राहायला गेला. तेव्हा प्रज्ञा, म्हणजे शालनची पोरगी, तीन वर्षांची होती. धोंडिबा आला, ओट्यावर बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "दिल्या घरी राहायचं." आणि निघून गेला. दिल्या घरात देणाऱ्याचं कुणी नव्हतं, घेणाऱ्याचंही नव्हतं.

शालन रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, वस्तीला सवय होती. तिसऱ्या दिवशी तिने गळ्यातले काळे मणी काढून मिठाच्या रिकाम्या बरणीत टाकले. मी विचारलं, तर म्हणाली, "ताई, मणी त्याच्या नावाचे. तो तिकडं नांदतोय, मणी इकडं एकटे काय करतील?" आणि हसली. ती मोठ्याने हसायची, दात दाखवून. नवऱ्याने टाकलेल्या बाईने मोठ्याने हसू नये असा आमच्याकडे कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, पण पाठ सगळ्यांना. नळावर त्याच दिवशी सुरू झालं: "मणी काढले म्हंजे कुणाचा तरी रस्ता मोकळा केलाय." सहा वर्षं त्या रस्त्यावर कोण येतं हे बघायला अख्खी वस्ती दारात बसून होती. कुणीच आलं नाही. तर म्हणे, "लई हुशार बाई, दिसू देत न्हाई."

आता चंदरचं ऐका. तो दर चौदा एप्रिलला कॅम्प चारहून यायचा, पांढरे कपडे, निळा फेटा, मिरवणुकीचा प्रमुख. मंदा ट्रकवर पुढे बसलेली. विहारात सगळ्यांसमोर पंचशील म्हणायचा. तिसरं शील कसलं आहे ते आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल, परस्त्रीचं. ते म्हणताना ह्याचा आवाज सगळ्यांच्या वर. मी पाठीमागे उभी राहून ऐकायची आणि दात खायची. बाबासाहेबांनी आम्हाला देव सोडायला लावले, ते आम्ही सोडले. बाईच्या गळ्याकडे बघायची खोड मात्र जुन्याच घरातून गाठोड्यात बांधून आणली.

शालनला काम लागलं नवतेज शिक्षण प्रसारक मंडळाच्या शाळेत, बालवाडीची आया म्हणून, तात्पुरती. ते तात्पुरतं सहा वर्षं चाललं. चाळीस पोरं. कुणाचं नाक, कुणाची चड्डी, कुणाला आईची आठवण. चड्डीच्या नाडीला ती एक गाठ मारायची, एका हिसक्यात सुटणारी, पोराला स्वतःला सोडता येईल अशी. बाकीच्या बाया निरगाठ मारायच्या आणि मग वर्गात तळं. मुख्याध्यापिका मालिनीबाई म्हणायच्या, "शालन रजेवर गेली की मला बालवाडी बंद ठेवावी लागेल." पण शालन रजेवर कधी गेलीच नाही, म्हणून हे कुणाला कधी दिसलं नाही.

एक्याण्णव साली जागा मंजूर झाली. कायम. पेन्शनीची. सहा वर्षं काम करणारी बाई समोर होती, सगळे म्हणाले हिलाच घ्या. फक्त एक कागद पाहिजे, चारित्र्याचा दाखला. दोन प्रतिष्ठित नागरिकांचा. शाळा उघडायच्या आत, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. ती दुसरी बाई मंडळाच्या एका सभासदाची भाची होती, हेही लगेच कानावर आलं.

छापील फॉर्म होता. 'कु./सौ./श्रीमती अमुक अमुक यांना मी गेली इतकी वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्यांचे चारित्र्य निष्कलंक आहे.' खाली बारीक अक्षरात, 'जे लागू नसेल ते खोडावे.' त्याखाली सही आणि शिक्का. प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. आम्हाला फिरून फिरून कळलं. ज्याच्याकडे शिक्का आहे तो प्रतिष्ठित.

पहिल्यांदा आम्ही आपल्याच माणसाकडे गेलो. शंकरराव, विहार कमिटीचा अध्यक्ष, शिक्का खिशातच.

"शालन आपली पोरगीच हाय," शंकरराव म्हणाला. "पण असं बघ रखमा, चंदर आपला माणूस. त्याला न इचारता त्याच्या बायकोच्या कागदावर मी सही कशी करू?"

"बायको?" मी म्हटलं. "गेल्या महिन्यात मंदाला 'वहिनी, वहिनी' करत ट्रकवर चढवलीस, ती कोण मग?"

"ती पण वहिनीच."

"दोन वहिन्या?"

"आता गडी माणूस हाय. होतं एखाद्याचं मागंपुढं."

"आणि बाईचं?"

शंकररावाने तोंड गंभीर केलं. "बाईची अब्रू म्हंजे काचेचं भांडं, रखमा. तुला मी सांगायचं का?"

तेव्हा शालन पहिल्यांदा बोलली. "भाऊ, माझ्या घरात काचेचं काय बी न्हाई. सगळी जर्मलची भांडी. पडली तर पोचा येतो, फुटत न्हाईत."

त्याची बायको आतून फिसकन हसली. शंकररावाने आत बघितलं तसं हसणं बंद झालं. सही काही झाली नाही.

मग विष्णुपंत. हे मंडळाचे अध्यक्ष. ह्यांचीच सही मिळाली तर पुढे कुणी विचारणार नाही असा माझा हिशेब. चंदरच्याच कंपनीत मोठे अधिकारी होते, आता रिटायर. आठ मार्चला ह्यांचं भाषण मी ऐकलेलं, 'स्त्री ही समाजाचा कणा आहे.' म्हटलं, चला, कण्याला भेटू द्या.

पितळी पाटी, पाटीखाली चपलांची रांग. आम्हाला बसायला सांगितलं, खुर्चीवर. त्यांच्यासाठी कपबशीत चहा आला, आमच्यासाठी स्टीलच्या पेल्यात. पेले मी ओळखते. ते आतल्या फडताळात वेगळे ठेवलेले असतात. मी हात लावला नाही. शालन प्याली. म्हणाली, "आलं चांगलं घातलंय." विष्णुपंतांच्या पत्नी कुंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांची नजर शालनच्या गळ्याशी आली आणि तिथेच बसली. चहा संपेपर्यंत उठली नाही.

विष्णुपंतांनी फॉर्म दोनदा वाचला. "चारित्र्य ही फार मोठी गोष्ट आहे हो. मी सहजासहजी लिहून देत नाही. माझ्या सहीला एक अर्थ आहे. ह्यांचे यजमान कुठे असतात?"

"तुमच्याच कंपनीत," मी म्हटलं. "चंदर शेजवळ."

त्यांचा चेहरा उजळला. "चंदर! अहो, आमचा आदर्श कामगार. तीन वर्षांपूर्वी शाल-श्रीफळ दिलं, तो फोटो बघा." भिंतीवर खरंच होता फोटो, चंदर वाकलेला, पंत शाल घालताना. "त्याच्या नावाची शिफारस माझीच. दाखलाही मीच दिला."

"काय लिहिलं होतंत दाखल्यात?"

"हेच. उत्तम चारित्र्य, सचोटी."

"त्याने लग्नाची बायको आणि तीन वर्षांची पोर टाकून दुसरं घर केलंय, हे ठाऊक होतं?"

विष्णुपंतांनी कप बशीत ठेवला. "हे बघा बाई, तो त्याचा खासगी मामला. कामावर वेळेत येतो, मशीन सांभाळतो. पुरुषाचं चारित्र्य त्याच्या कामात बघायचं असतं."

"मग हिचंही कामातच बघा. सहा वर्षांत एक खाडा नाही."

"बाईचं तसं नसतं," ते शांतपणे म्हणाले. आणि कुंदाताईंनी दारातून भर घातली, "नवरा सोडून जातो म्हणजे काहीतरी कारण असणारच ना. टाळी एका हाताने वाजत नाही."

मी उठले. त्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, छापखानेवाला घेणार नाही. टाळी एका हाताने वाजत नसेल, पण थोबाडीत एकाच हाताने बसते, एवढं सौम्य वाक्य तेवढं सांगते. शेजारच्या दोन दारांतून माणसं बाहेर आली. बघा ह्या बायका कशा असतात ते, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

जिन्यात शालन म्हणाली, "ताई, तुमाला बोलून मोकळं वाटतं. नोकरी माझी जाते."

ते खरं होतं. मी भराभर पायऱ्या उतरले.

दहाव्या दिवशी शालननेच सांगितलं, कॅम्प दोनला जाऊ. तिथे जयदेव ह्या सिंधी शेठचा लहान मुलींच्या फ्रॉकचा कारखाना. रविवारी शालन तिथे बटणं लावायला आणि धागे कापायला जायची. गल्लीत इतकी गठडी की माणूस आडवा होऊन चालतो. शेठ काउंटरच्या मागे कागदावर नमकीन घेऊन खात बसलेला.

"आओ भेण, आज संडे नहीं, आज कैसे?"

मी फॉर्म पुढे केला, सगळं सांगितलं, नवरा, मणी, सगळं. उगाच मागून कळायला नको. शेठ ऐकत होता, पण मधेच एका फ्रॉकची कॉलर उलटी करून बघत होता.

"साईं, ये सब मेरे को क्यूं सुनाती? छह साल से आती है. एक बटण इधर का उधर नहीं हुआ. चारित्र मतलब और क्या लिखने का?"

त्याने छापील फॉर्म घेतलाच नाही. म्हणाला, अपना लेटरहेड पे देंगे, वजन पडेगा. टाइपिस्टला बोलावून हिंदीत सांगितलं आणि तिने खडाखड मारलं: 'प्रमाणित किया जाता है कि श्रीमती शालन शेजवळ अत्यंत ईमानदार एवं सच्चरित्र महिला हैं.' सही, शिक्का, वर एक पेढा. मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दहा दिवस आपल्या माणसांनी गळा बघितला. ह्याने बटण बघितलं.

अकराव्या दिवशी डॉक्टर मीनल. प्रज्ञाच्या वेळचं शालनचं बाळंतपण त्यांनीच केलेलं. पेशंट तपासता तपासता म्हणाल्या, "रखमाताई, भरा तुम्ही, मी सही करते." मी बाहेरच्या बाकावर फॉर्म भरायला बसले. कु., सौ., श्रीमती. काय ठेवायचं? शेठच्या कागदावर 'श्रीमती' आहे, म्हटलं दोन्ही कागद एकसारखे असू देत. सरकारी पत्रात मोठ्या मोठ्या बाई अधिकाऱ्यांनाही श्रीमतीच लिहितात, म्हणजे इज्जतीचाच शब्द. मी कु. खोडलं, सौ. खोडलं.

आणि तिथेच माती खाल्ली.

हिंदीत श्रीमती म्हणजे नवरा असलेली. आपल्या मराठीत घरोघरी तोच शब्द पत्रिकेवर आला की म्हातारी विचारते, "बिचारीचे केव्हा वारले?" हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी इथेच जन्मले, इथेच सातवी नापास झाले. पण उल्हासनगरात वावरून जिभेचं असं होतं. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, आणि मधल्या फटीत पाय अडकतो. अडकला माझा, मोडला तिचा.

कागद देऊन दोन दिवस झाले तसं मंडळाचे सचिव चिंतामणराव यांनी शालनला ऑफिसात बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली. पुढचं मला शालननेच सांगितलं, पोट धरधरून हसत, आणि मधेच थांबत, कारण पुढे काय झालं ते तिला माहीत होतं.

"शालनबाई, फार वाईट वाटलं," चिंतामणराव म्हणाले. "केव्हा गेले?"

"कोण, सर?"

"तुमचे मिस्टर."

"ते होय? सहा वर्षं झाली."

"अरेरे. इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत. कशाने गेले?"

"टांग्यानं. ट्रंक होती ना संगती."

चिंतामणरावांना पाच मिनिटं लागली समजायला. समजल्यावर दिलेली खुर्ची परत घेतली. "म्हणजे हयात आहेत? मग श्रीमती कसं? एकतर मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर सौ. लिहा. सौ. लिहायचं तर मंगळसूत्र कुठे आहे? उद्या पालक विचारतील." शालन म्हणाली, "कुमारी लिहा मग." ते म्हणाले, "आणि मुलगी?"

ऑफिसातून गोष्ट वस्तीत यायला जेवणाची सुट्टीही पुरली. संध्याकाळी कंपनीच्या गेटवर चंदरला त्याच्याच मित्रांनी घेरलं. "काय चंदरभाऊ, पुण्यानुमोदनाचं पत्रक छापायचं का?" आमच्यातलं दिवसकार्य ते. दुसरा म्हणाला, "जेवण मोठं ठेवा, आदर्श कामगार होते." एकाने त्याच्या सायकलच्या हँडलला झेंडूचा हार अडकवला. सहा वर्षं जो माणूस बायकोकडे फिरकला नाही, त्याला आता तिने मारलं म्हणून अपमान झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाळेच्या आवारात उभा. शाळेला सुट्टी होती, पण कामावर जाणाऱ्या बायांच्या पोरांसाठी उन्हाळी वर्ग त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

"मी जिता हाय! हिनं मला कागदावर मारलं! अशी बाई तुमी पोरात ठेवता?"

जागी होती ती पोरं खिडकीला. शालन म्हणाली, "हळू बोल. लहान वर्ग आत्ताच झोपवलाय." तो आणखी चिडला. तडक ऑफिसात गेला आणि लेखी तक्रार दिली. शंकररावाने लिहून दिली म्हणतात, मला खात्री आहे, कारण 'सदर महिला' हा शब्द आमच्याकडे तोच वापरतो. सदर महिलेने पती जिवंत असताना खोटी माहिती दिली, सबब तिचे चारित्र्य संशयास्पद. पती जिवंत असल्याचा पुरावा सोबत जोडला आहे.

मंडळाने शनिवारी दुपारी सुनावणी ठेवली. शाळा उघडायला दोन दिवस. टेबलामागे विष्णुपंत, शेजारी चिंतामणराव, कोपऱ्यात मालिनीबाई पदराशी चाळा करत. एका बाजूला चंदर, इस्त्रीच्या कपड्यात. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी उभ्या.

"मुद्दा साधा आहे," विष्णुपंत म्हणाले. "जी बाई स्वतःच्या नवऱ्याबद्दल खोटं लिहिते, तिच्या हातात आपण लहान मुलं कशी सोपवायची?"

"लिहिलं मी," मी म्हटलं. "चूक माझी. तिने त्या फॉर्मला हात लावलेला नाही."

"तुमची ओळख आहे आम्हाला," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर बसा. अर्जदार स्वतः बोलेल."

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण शालनने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि गजांच्या खिडकीशी उभी राहिले. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे मला हुसकावूनही त्यांना काही साधलं नाही.

विष्णुपंतांनी तिच्यापुढे तोडगा ठेवला. तिने चंदरची माफी मागायची. मंगळसूत्र घालून यायचं. नव्या फॉर्मवर सौ. लिहायचं आणि खाली चंदरची संमतीची सही घ्यायची. मग मंडळ सहानुभूतीने विचार करेल. चंदर म्हणाला, "माफी हितं नको. विहारात मागायची, समद्यांसमोर."

मला वाटलं, मागते आता माफी. मी तिच्या जागी असते तर मागितली नसती. पण माझ्यामागे पोरगी नाही, मला गर्व परवडतो.

"सर," ती म्हणाली, "त्यानं पुरावा जोडलाय म्हणे. काय जोडलंय ते वाचून दावा की."

चिंतामणरावांनी कागद उलटला. "रेशनकार्डाची झेरॉक्स आहे. जिवंत असल्याबद्दल."

"वाचा ना."

"कुटुंबप्रमुख, चंदर शेजवळ. पत्ता, उल्हासनगर कॅम्प चार. पत्नी..." आणि ते थांबले.

"पत्नी?" शालनने विचारलं.

"मंदा," चिंतामणराव म्हणाले, पण अगदी हळू, जणू शिवी वाचतायत.

चंदर उठला. "ते रेशनसाठी... साखर मिळायला नाव टाकावं लागतं..."

"तू बस," शालन म्हणाली. आवाज चढला नव्हता. बालवाडीत ती पोरांना सांगायची, तसाच. आणि चंदर बसला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग ती विष्णुपंतांकडे वळली. "सर, सरकारच्या कार्डावर ह्याची पत्नी मंदा. म्हंजे सौ. ती झाली. हा बसलाय समोर, म्हंजे श्रीमती मी न्हाई. पोरगी हाय, म्हंजे कुमारी बी न्हाई. मग मी कोण, ते तुमी सांगा. तुमी शिकलेली माणसं. तुमी सांगाल ते लिहिते."

पंखा बंद होता, लाईट गेलेली. पंत त्या झेरॉक्सकडे बघत होते. शालनला सौ. म्हणावं तर चंदरला दोन बायका, आणि त्याच्या उत्तम चारित्र्याखाली ह्यांची सही. न म्हणावं तर तक्रार करणारा चंदर कोण लागतो तिचा? ज्या शिक्क्याचा त्यांना इतका अभिमान, तो त्यांच्याच बोटाला चिकटला होता.

तेव्हा मालिनीबाई बोलल्या. सहा वर्षांत मी त्या बाईला मंडळाच्या माणसांपुढे बोलताना ऐकलं नव्हतं. "सोमवारपासून बालवाडी आहे, सर. ही नसेल तर मी वर्ग उघडणार नाही. तसं लिहून देते."

विष्णुपंतांनी घसा साफ केला. "चंदर, तुझी तक्रार गैरसमजातून झालेली दिसते. मागे घेतोस ना?" चंदर काही म्हणायच्या आत ते चिंतामणरावांकडे वळले. "लिहा, तक्रारदाराने तक्रार मागे घेतली. आणि ती झेरॉक्स त्याला परत द्या. फाइलला लावू नका."

फाइलला लावू नका! तो एवढा एक हुकूम मला आजही पाठ आहे. चारित्र्य म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. जे फाइलला लावलं नाही ते.

चंदरचं काय झालं विचाराल, तर काही नाही. पुढच्या एप्रिलला पुन्हा फेटा, पुन्हा ट्रक, पुन्हा तिसरं शील. पंतांच्या भिंतीवर फोटो तसाच. आणि आमच्या नळावर नवा निकाल लागला: "शालन लई पक्की. भरल्या सभेत नवऱ्याला तोंडघशी पाडलं. असल्या बाईला कोण नांदवणार?" हसली तर उनाड, रडली तर नाटकी, गप्प बसली तर आतल्या गाठीची, बोलली तर पक्की. फॉर्मवर निदान तीनच शब्द होते.

शाळेच्या पहिल्या दिवशी ऑर्डर आली. मी गेले होते. टाइप केलेला कागद, गोल शिक्का, आणि नाव: 'सौ. शालन चंदर शेजवळ'. मी वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. तिला न विचारता त्यांनीच दोन शब्द खोडून एक ठेवला होता. पेन्शनीपर्यंत आता ह्या माणसाचं नाव तिच्या मागे, पगारपत्रकावर, हजेरीवर, सगळीकडे.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "आपण लेखी हरकत घेऊ. सौ. काढायला लावू, मधलं नावही काढायला लावू. मी वरपर्यंत जाईन."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, भिंतीला टेकवला आणि सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. 'शालन धोंडिबा'. क्लार्क म्हणाला, "अहो बाई, वर नाव वेगळंय." ती म्हणाली, "नाव तुमचं, सही माझी." त्याने मान हलवून शिक्का मारला.

मला म्हणाली, "ताई, वरपर्यंत तुमी जावा. मला खाली पोरं हायेत." तेवढ्यात आतून कुणीतरी भोकाड पसरलं. पहिलाच दिवस होता, आई सोडून गेली असणार. शालन पदर खोचत आत पळाली.